बेड्याचा दगड

१८ नोव्हेंबर. आवाराच्या दगडी गडग्यातल्या जुन्या बेड्याच्या, म्हणजे आडवे बांबू सरकवायच्या फाटकाच्या जागी चिरे रचून वाट बंद करायची होती. नव्या रस्त्यासाठी जेसीबीने गडग्याबाहेरची जमीन पुरुषभर खोल कापली होती. येण्याजाण्यासाठी आता आंब्याच्या कलमांच्या बाजूला लोखंडी गेट बसवलं होतं.

अडचण फक्त आमच्या गाईची होती. दोन वर्षांपासून तिला दिसत नाही. तरी भात कापून झालं, की इतर गुरांबरोबर तिलाही मोकळी सोडते. सकाळी सड्यावर, वरच्या कातळी माळावर चरायला जाते, संध्याकाळी एकटी परतते. बेड्याशी आली, की भोकं पाडलेल्या उभ्या दगडाला मान घासते आणि आत येते. यंदा ती गाभण होती.

त्या सकाळी दाव्याने धरून तिला एकदा नव्या गेटातून बाहेर नेलं, म्हटलं शिकेल. मग बेड्यात चिरे रचले. संध्याकाळी बाकीची गुरं आली, ती आली नाही. चूल पेटवली, विझवली. गेटापर्यंत तीनदा जाऊन आले. शेवटी काठी घेऊन निघाले.

ती जुन्याच वाटेवर होती. कापलेल्या रस्त्याच्या पलीकडच्या कडेवर, पुढचे पाय भुसभुशीत मातीत, तोंड आमच्या गडग्याकडे. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर खाली गेली असती. हाक न मारता मागून गेले, दावं धरलं आणि हळूहळू मागे ओढलं.

गोठ्याशी शेजारच्या काकी उभ्या होत्या. म्हणाल्या, "गेट दावलंस गो तिला, पन तिनं ता बघितलान कशान?"

नवऱ्याने मुंबईहून फोनवर सांगितलं, देऊन टाक कुणाला तरी. मी फोन ठेवला. मुलगी पुण्यात प्राणिशास्त्र शिकते, तिला लावला. ती म्हणाली, उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्यात, की उंदीर एका ठरावीक जागी आला की त्यातल्या ठरावीक पेशी जाग्या होतात. अशा पुष्कळ पेशी मिळून जागेचा नकाशा होतो. डोळे नसले तरी वास, स्पर्श आणि स्वतःची चाल यांवर तो बराच टिकतो. गाईचंही तसंच असावं, पण गाईवर तिने काही वाचलेलं नव्हतं.

"आई, तू तिची खूणच चिऱ्यांत बंद करून टाकलीस."

"मग आता काय करू, ते सांग."

"नवी वाट तिच्या पायांनी होऊ दे. आणि ओळखीचं काहीतरी ठेव तिथे."

रात्रभर कूस बदलत राहिले. गाय खुंट्याशी हलली तरी उठून बसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेतली. रचलेले चिरे बाजूला करून बेड्याचा दगड उपटला, काकींना हाताशी घेऊन गेटापर्यंत लोटत नेला आणि खड्डा खणून उभा पुरला. मग गाईला खुंट्यावरून सोडून दाव्याने फिरवलं. गेटातून बाहेर, सड्याच्या वाटेला, परत आत, पुन्हा बाहेर. दरवेळी तिचं तोंड दगडाला लावलं. आधी नुसती हुंगायची. बऱ्याच फेऱ्यांनंतर परत येताना आपणहून थांबली आणि मान घासली. तेव्हा मी दावं सैल सोडलं.