बारालाचाच्या माथ्यावर गजूभाऊचं पाणी

गजूभाऊ घाटात मेला नाही.
राळेगावात, स्वतःच्या घरी, जेवण झाल्यावर कुलरसमोर बसल्या बसल्या गेला.

"घाटात मरशील," असं अख्खं गाव त्याला म्हणायचं. गावाचा अंदाज साफ चुकला.
आज वर्ष झालं.

माझा सायकल पार्टनर. पन्नाशी उलटलेली, कपाशीची शेती, आणि डोक्यात कायम कसला तरी किडा.

आम्ही मनालीहून लेहला सायकलवर निघालो, तेव्हाचा किडा असा: बारालाचा खिंडीच्या अलीकडचं पाणी चिनाबला जातं, पलीकडचं सिंधूला. मग बरोबर माथ्यावर ओतलं तर?

त्यासाठी पठ्ठ्याने वावरातल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलेलं!

"भाऊ, चिनाब पण शेवटी सिंधूलाच मिळते," मी म्हटलं.
"मिळू दे ना बे. पण आधी निंगते कोणीकडं, थे पाह्याचं हाय मले."

खिंडीखालच्या मुक्कामी त्याने सवयीने बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं आणि हँडलला टांगली. आपण मे महिन्यात पाणी गार राहावं म्हणून करतो, तसंच.
सकाळी फडक्यासकट दगड.

हसून हसून माझा दम चढाआधीच संपला.

दुपारी माथा गाठला. ढगाळ हवा, बोचरं वारं, डोकं ठणकतंय. आणि हा बाटली जॅकेटमध्ये पोटाशी धरून बसलेला.

"चल ना भाऊ, बर्फ पडेल."
"थांब नं जरा. मंग एवढ्या दूर आलो कायले?"

शेवटी घोटभर पाणी सुटलं. त्याने ते रस्त्याच्या मधोमध ओतलं. आम्ही दोघं गुडघ्यावर, मागे ट्रकवाला हॉर्न मारतोय.

पाणी जरा पसरलं आणि तिथेच खडीत मुरलं.

मला वाटलं, हिरमुसेल. तर गडी खूश!
"म्हंजे पुन्हा या लागते. मोठी कॅन आनू."

गेल्या जूनमध्ये जायचं ठरलं होतं. तो मे महिन्यातच गेला.

पुढच्या आठवड्यात मी एकटा निघतोय. काल वहिनी लोहाऱ्याला माझ्या घरी आल्या. विहिरीच्या पाण्याची कॅन दारात ठेवली.
"भाऊजी, कोणीकडं गेलं थे मले फोन करून सांगजा. मले बी पाह्याचं होतं."

वहिनींना फोन करीनच.
पण त्याआधी, पाणी वाहायला लागलं की मी शेजारी तुझ्याकडे बघणार. आणि तू नसणार.

भाऊ, फार आठवण येते रे.
रामराम.