दहा मिनिटं जास्त

शेजारीण सुती साडीसाठी खळ शिजवते तेव्हा तो उकडलेला वास जिन्यात उतरतो, आणि मला प्रभादेवीची आमची कागदाची लॅब आठवते. गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष होतं. लगद्याच्या तंतूंवर ऋण भार असतो, म्हणून आम्ही धन भाराचा स्टार्च पाण्यात शिजवून त्यात घालायचो. तो तंतूंना धरून बसला की कागद मजबूत होतो. पण आठवडाभर माझा प्रत्येक ताव ओढताच फाटत होता, आणि नोकरीत मी कायम झाले नव्हते. एका दुपारी बाबा डबा घेऊन आले. मिलमध्ये सुताला लावायची खळ शिजवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. त्यांनी न विचारता माझ्या भांड्यातला थेंब घेतला, अंगठ्याने बोटावर चोळला, बोटं उघडून तार पाहिली. "कच्ची आसा गो अजून. धा मिनटां ऱ्हवंदे." मी ठेवलं. जायला कुठे नव्हतंच, म्हणून ताव वाळेपर्यंत ते बाकावर बसून राहिले. ताव फाटला नाही. साहेबांनी विचारलं, "काय बदललंस?" मी म्हटलं, "दहा मिनिटं जास्त शिजवलं, सर." मग त्यांनी बाकाकडे पाहिलं. "हे कोण?" "डबा घेऊन येतात," मी म्हटलं. बाबांनी रिकामा डबा उचलला आणि साहेबांना नमस्कार केला. काल शेजारणीने पातेलं पुढे केलं, तेव्हा मी थेंब चोळून सांगितलं, अजून दहा मिनिटं. "कुणी शिकवलं हो तुम्हाला?" तिने विचारलं. "लॅबमध्ये शिकले," मी म्हटलं.