शेणाचा गॅस आणि लाकडाचा भाव

डोंबिवलीहून बाळकुमला सासरी आले तेव्हा माझे डोळे धड होते. दोन वर्षांत चुलीनं त्यांच्या गुंजा करून टाकल्या. पावसाळ्याआधी पडवी लाकडांनी भरायची ही घरची रीत, आणि ओलसर लाकूड फुंकत बसायचं काम सुनेचं. म्हणजे माझं. मी काही गप्प बसणारी नव्हे. वाढतानासुद्धा डोळे चोळत सगळ्यांना ऐकवायची.

त्या वर्षी येऊरच्या लाकडाचा भाव आठवड्या-आठवड्याला चढत गेला. सासरे कल्याणच्या शेतकी प्रदर्शनात शेणाचा गॅस बघून आले होते. विटांचा हौद, त्यात शेणाचा काला, वर उपडं लोखंडी पिंप. गॅस साठला की पिंप वर येतं आणि नळीतून तो थेट शेगडीला जातो. घरी चार म्हशी, शेणाला तोटा नव्हता. सासऱ्यांनी लाकडाचे पैसे सरळ पिंपात आणि नळीत घातले. लाकूड जळून जातं, लोखंड राहतं, असं त्यांचं म्हणणं. मी लगेच त्यांच्या बाजूनं. सासूबाई मात्र भडकल्या. गॅस आला नाही तर आषाढात लोखंड शिजवून घालणार का, असं त्यांनी मला विचारलं. सासऱ्यांना विचारायची सोय नव्हती, म्हणून मला.

वैशाखात हौद भरला, गॅस आला, सगळं झकास. मग पाऊस लागला आणि चौथ्याच दिवशी ज्योत फडफडून विझली. हात दाखवून अवलक्षण! पिंप तर गॅसनं चांगलं वर आलेलं. पडवीत एक ढलपी नाही. मी शेजाऱ्यांकडून चार लाकडं मागून आणली, वर त्यांचं हसूही घेऊन आले. सासूबाईंनी फुंकणी तेवढी माझ्यापुढे सरकवली.

सासऱ्यांचा जन्म मिठागरात गेलेला. पाणी कुठून कुठं जाईल हे त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं. अंगणात उकिडवे बसून ते नळी बघत राहिले. मध्ये ती बोटभर खाली झुकली होती. गॅसबरोबर आलेली वाफ तिथं पाणी होऊन साचली होती आणि गॅसची वाट अडली होती. त्यांनी नळीखाली विटा सारल्या आणि उतार पिंपाकडे दिला. संध्याकाळी निळी ज्योत लागली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पावसाळाभर दोन्ही वेळचं जेवण तिच्यावरच झालं.

दिवाळीनंतर लाकडाचा भाव उतरला, तोही असा की गाव आम्हाला हसायला लागलं. पावसात ‘आमच्याकडेही नळी ओढा’ म्हणून मागे लागलेले शेजारी आता आमचीच नळी जाता-येता पायात येते म्हणून कुरकुरू लागले. लोकांची अक्कल लाकडाच्या भावाबरोबर चढते-उतरते, दुसरं काय! त्यातच कोपरीचा एक तबेलेवाला पिंप आणि नळी विकत घ्यायला दारात आला. पैसे चांगले देत होता. सासरे डळमळले. लाकूड स्वस्तच आहे तर अडकलेला पैसा मोकळा करावा, असं म्हणू लागले. पुन्हा ती फुंकणी, पुन्हा तो धूर. पण पाहुण्यासमोर सुनेनं बोलायचं कसं? चहाचे कप घेऊन मी दारात नुसती उभी राहिले.

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. मला वाटलं, आता ह्या डाव साधणार. त्या सासऱ्यांना म्हणाल्या, “द्यायचा नाय. धूर होता तवा ही पोर रडते का डोलं चुरचुरतान, मना कदी कललंच नाय.” मग माझ्याकडे वळल्या. “आता रडलीस तं कलंल गो मना.”

तबेलेवाला चहा पिऊन गेला. मी कप उचलून आत गेले, आणि धुराचं निमित्त नसताना पोटभर रडले.