मामाची बारी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मामीचे. गावातली शाळा संपवून मी लालबागला तिच्या खोलीत आलो, पदवीधर झालो, तो तिच्या हातचं जेवून. गिरणीचा संप लांबला तेव्हा तिने घरात खानावळ सुरू केली आणि मामाला सांभाळायचं काम माझ्यावर सोपवलं.

मामा संपावर होता. शेजारचा त्याचा जुना मित्र मात्र कामावर परत गेला. हे दोघे चाळीच्या भजनमंडळात एकत्र बसणारे, मामा पखवाजावर, मित्र पेटीवर. मंडळ मोडलं. नळावर एकदा मामाने त्याच्या अंगावर हात टाकला. पुन्हा तसं झालं तर पोलीस, ही मामीची धास्ती. चाळीखालच्या गॅरेजवाल्या सरदारजींनी मामाला सुचवलं, सकाळी दादरला गुरुद्वारात कीर्तनाला येत जा, मन शांत होईल. मामी मला म्हणाली, "तू पण जा रे. एकटो सोडू नको तेका."

मन शांत व्हायचं राहिलं बाजूला, माझंच डोकं फिरायची वेळ आली. डोक्याला रुमाल बांधून आम्ही मागे बसायचो. मी शिकलेला, म्हणून वहीत शब्द उतरवून अर्थ शोधत बसे. मामा मांडीवर बोटांनी ताल धरून माझ्या कानात सांगे, "तबलो बघ. घाई करता." रोज तेच. परीक्षा तोंडावर आलेली आणि मी तबल्याची परीक्षा ऐकतोय.

एक दिवस तर कहर झाला. गाणारे रागीजी एक शबद, म्हणजे त्यांचं भजन, संपवून घोटभर पाणी प्यायला थांबले. आमच्याकडे डबल बारीत, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्यात, एक बुवा थांबला की दुसऱ्याने उठायचं असतं. मामा उठला आणि खणखणीत आवाजात गजर सुरू केला. सगळी संगत, जमलेली मंडळी, वळून पाहू लागली. मी त्याचा शर्ट ओढत होतो. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बैठो जी. अभी उनको गाने दो."

मामा बसला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, इथे सामना नसतो."

"मग थांबलो कित्याक तो?"

उद्यापासून जायचं नाही असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी मामाच माझ्याआधी तयार. त्या दिवशी आणि नंतर कितीतरी दिवस त्याने तबल्याची एकही चूक काढली नाही. मांडीवरची बोटंही थांबली. शेवटी एके दिवशी मी विचारलं, "काय कळलं तुम्हाला?" तर म्हणाला, "माझी बारी नाय ह्या कळला. बरा वाटता."

मला या उत्तराचा राग आला. मी अर्थ शोधून दमलो आणि याला बरं वाटतं.

त्याच दिवशी परतताना जिन्यात तो शेजारी समोर आला. मामा बाजूला सरकला, त्याला वाट दिली. घरात येऊन मात्र आमटीत मीठ कमी म्हणून मामीवर ओरडला. मी वैतागून मामीला म्हटलं, "फुकट गेल्या सगळ्या फेऱ्या." ती पोळी लाटत हसली. "ओरडांदे. माझ्यावरच ना?"

गिरणी काही उघडली नाही. मामा-मामी दोघं गावी गेली. मला गिरगावात नोकरी लागली. ऑफिसातल्या कटकटींनी जीव नकोसा झाला तेव्हा मी एका रविवारी दादरला गेलो. त्या संध्याकाळी मामीला पत्र लिहिलं:

"तीर्थस्वरूप मामीस,
शि. सा. नमस्कार.
आज एकटाच कीर्तनाला गेलो. अर्थ शोधला नाही. डोळे मिटून ऐकलं आणि पहिल्यांदाच डोकं रिकामं झालं. मग तुझी आठवण आली. आम्ही रोज परत आलो की तू विचारायचीस, 'काय गायले आज?' आणि आम्ही दोघं जेवायला बसायचो. तुला कोणी सांगितलंच नाही. नेलंही नाही. खानावळीच्या अकरा माणसांचं तू करत होतीस, आणि शांती हवी म्हणून आम्ही जात होतो.
गणपती झाले की मामांना घेऊन ये. आपण जाऊ. डोक्यावर पदर घेतलास की झालं. बायका एका बाजूला बसतात, मी समोर दिसेन. आणि घरून काही करून आणू नकोस. जेवण तिथेच असतं. तू पंगतीत बसायचं, वाढणारे वाढतील."