एस.टी.च्या मापाची दोरी

म्हसळ्याहून दिघीकडे जाणाऱ्या रस्त्यावर धर्माजी मैलकुली होता. घाटातले तीन मैल त्याच्या ताब्यात. पावसाळ्याआधी गटारं उपसायची, पावसात वाहून आलेले दगड बाजूला करायचे, पाऊस सरला की खड्ड्यांत मुरूम घालून ठोकायचा. एकोणपन्नास साली तो कामाला लागला. घरची भाताची दोन खाचरं बायको, सोनाबाई, बघायची.

दुसऱ्याच वर्षी दादू गाडीवान सुकटीच्या गोण्या घेऊन दिघीहून वर येत होता. घाटाच्या पायथ्याशी धर्माजीनं आणि त्यानं विडी ओढली, दादू पुढं निघाला, आणि वरच्या वळणावर समोरून लाकडाचा ट्रक आला. दोन्ही गाड्यांना पुरेल एवढी जागा नव्हती. दादूनं बैल कडेला घेतले आणि गाडी बैलांसकट दरीत गेली. दादूचा देह वर काढणाऱ्यांत धर्माजी होता. दुसऱ्या दिवशी त्यानं तिथं एक मोठा धोंडा लोटत आणला आणि त्याला चुना फासला. निदान लांबून कड तरी दिसावी. पुढच्या सात-आठ वर्षांत त्याच्या तीन मैलांत असे पाच पांढरे धोंडे झाले.

सत्तावन्न साली निवडणूक झाली. नवे आमदार बाळाजीराव यांनी सभेसभेतून सांगितलं होतं, एस.टी. दिघीपर्यंत नेणार. तोवर गाडी म्हसळ्याला येऊन थांबायची. पुढं बैलगाडी, नाहीतर पाय. सगळ्या तालुक्यात एस.टी.शिवाय दुसरा विषय नव्हता. दिघीच्या कोळणी तर गाडीत कोण कुठं बसणार यावरून भांडूनही मोकळ्या झाल्या होत्या.

धर्माजीच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत होती. एवढी मोठी गाडी आपल्या घाटात मावेल का? बाजारच्या दिवशी तो काथ्याची दोरी घेऊन म्हसळ्याच्या स्टँडवर गेला आणि उभ्या गाडीला पुढून मागून दोरी लावायला लागला. ड्रायव्हर रघू चहाचा कप हातात घेऊन धावत आला.

"काय रं बाबा, गाडी इकत घेतोस काय?"

"न्हाय. मापतोय. दिघीच्या घाटात वळल का ते बघायचंय."

रघूचा चहा तसाच राहिला. त्यानं दोरीचं दुसरं टोक धरलं, लांबी झाल्यावर रुंदीची गाठ मारून दिली, आणि जमिनीवर काठीनं रेघा ओढून सांगितलं, "वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या आतून येतं. ते इसरू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच धर्माजी सोनाबाईला घेऊन घाटात गेला. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. एकेका वळणावर दोरी ताणायची, रघूनं सांगितल्यासारखी फिरवायची. घाटात सात वळणं. पाच वळणांवर दोरी फिरली. वरच्या दोन वळणांवर मात्र सोनाबाईची टाच कडेच्या बाहेर जायला लागली.

"तुमची एस.टी. गेली खाली," ती म्हणाली. "आता सोडा दोरी, मला भ्या वाटतंय."

घरी जाताना धर्माजी त्या दोन वळणांविषयी इतका बोलत होता, की सोनाबाईनं दोनदा त्याच्या तोंडाकडं वळून बघितलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, एवढं बोलणं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी घाटात जीप आली. आत आमदार आणि इंजिनिअर. म्हसळ्याजवळच्या पट्ट्यावर डांबर टाकायचं जवळजवळ ठरलं होतं, ते दिघीकरांना सांगायला निघाले होते. दुसऱ्या पांढऱ्या धोंड्यापाशी आमदारांनी जीप थांबवली.

"हे धोंडे कुणी रंगवले?"

गटारातून धर्माजी वर आला. फावडं खाली ठेवून त्यानं हात जोडले. "मीच, साहेब, धर्माजी मैलकुली. जिथं जिथं गाडी खाली गेली, तिथं एक."

आमदार खाली उतरले. दरीत वाकून बघितलं आणि विचारलं, "मग इथून एस.टी. जाईल का हो?"

"मापून दाखवतो," म्हणून धर्माजीनं रस्त्याकडेच्या अवजारांच्या झोपडीतून दोरी आणली. एक टोक त्यानं थेट आमदारांच्या हातात दिलं. वरच्या दोन्ही वळणांवर ते उलटे सरकत सरकत इतके कडेला गेले, की इंजिनिअरनं त्यांचा दंड धरला.

"माझ्या नकाशात हीच दोन वळणं लाल केली आहेत," इंजिनिअर म्हणाला.

"मग मला दिसली कशी नाहीत?"

"नकाशा गुंडाळलेलाच राहिला, साहेब."

आमदार कडेच्या दगडावर बसले आणि खिशातली वही काढली. "या वर्षी सगळी कामं होणार नाहीत, धर्माजी. तुमच्या हातात असतं तर आधी काय केलं असतं?"

"आधी ही दोन वळणं. मग दरीकडचा कठडा. मग वरच्या ओढ्याची मोरी, न्हायतर पावसात कठडाच वाहून जाईल. डांबर शेवटी. खड्ड्यानं हाडं दुखतात, साहेब, पण मानूस घरी पोचतो."

आमदारांनी त्याच क्रमानं लिहून घेतलं.

म्हसळ्याच्या सभेत त्यावरून मोठा गोंधळ झाला. डांबर मागं पडलं म्हणून बाजारपेठेतले लोक उठून उभे राहिले. चांगदेव दुकानदार म्हणाला, "आमदार आमचे, की घाटातल्या दगडांचे?" आमदारांनी दोरी घेऊन आलेल्या धर्माजीला वर बोलावलं. त्यानं चांगदेवालाच दोरीचं एक टोक दिलं, व्यासपीठाच्या कडेला उभं केलं आणि सांगितलं, "मी वळतो तसं तुमी मागं सरा." चांगदेव दोन पावलं मागं सरला, तिसऱ्याला त्याची टाच हवेत गेली. त्यानं दोरी घट्ट धरली म्हणून तो पडला नाही. सभा हसली. चांगदेवही हसला आणि खाली बसून म्हणाला, "घ्या, वळणं घ्या आधी."

दिवाळीनंतर काम सुरू झालं. कातळाला सुरुंग लागायचे तेव्हा धर्माजी लाल फडकं घेऊन रस्ता अडवून उभा राहायचा. प्रत्येक धडाक्याला डोंगराचा थोडा थोडा तुकडा निघायचा आणि रस्ता रुंद व्हायचा. तो रोज संध्याकाळी घरी येऊन सोनाबाईला सांगायचा, आज हातभर, आज दीड हात. जांभ्याच्या चिऱ्यांचा कठडा उभा राहिला. मोरीही बसली.

मेमध्ये चाचणीची गाडी आली. ड्रायव्हर रघूच. माणसांच्या ऐवजी सीटवर वाळूच्या गोण्या. पुढच्या सीटवर इंजिनिअर, आमदार, आणि मधे अंग चोरून धर्माजी. वरच्या वळणावर रघूनं गाडी हळू केली. स्टिअरिंग फिरलं, खिडकीत दरी आली, मग कठडा आला, मग डोंगर, आणि समोर सरळ रस्ता. गाडी मागं घ्यायची गरज पडली नाही. दुसरं वळणही तसंच गेलं. "वळली," धर्माजी म्हणाला, आणि पुढं दिघी येईपर्यंत तेवढंच म्हणत राहिला.

दिघीला सगळी वाडी रस्त्यावर होती. गाडी थांबते न थांबते तोच तुळशी कोळीण मासळीची टोपली घेऊन आत चढली.

कंडक्टर म्हणाला, "बाई, आज माणसं घ्यायची नाहीत. सोमवारपासून."

"वालूच्या गोन्यांना तिकीट हाय काय? त्यांना घेतलंस, मग मला का न्हाय?"

कंडक्टरनं इंजिनिअरकडं बघितलं. इंजिनिअरनं आमदारांकडं. आमदार धर्माजीला म्हणाले, "रस्ता तुमचा. तुम्हीच सांगा."

धर्माजीनं घसा साफ केला. "चार गोण्या उतरवा," तो म्हणाला, "आणि बाईला बसू द्या. पण टोपली टपावर."

"टोपली मांडीवर," तुळशी म्हणाली, आणि खिडकीजवळ बसली.