आजीच्या अंगात यायचं

आमची चौकी डोंगराच्या धारेवर होती आणि वर जायला एकच पायवाट होती. केरोसीनचे जेरीकॅन, डाळ, तांदूळ, बॅटऱ्या, सगळं पाठीवर न्यायचं. साडेचारला फॉल इन, पाचला मार्च. ऊन लागून बर्फ भुसभुशीत व्हायच्या आत अवघड टप्पा संपवायचा, हा नियम. मी प्लाटून हवालदार होतो. माझं गाव रिसोड तालुक्यातलं रिठद. माझ्या पार्टीत वाशिम जिल्ह्याचा आणखी एकच माणूस होता, लान्स नायक सुधाकर, कारंजा तालुक्यातल्या धनजचा. रेडिओ सेट त्याच्या पाठीवर असायचा.

फौजेत जिल्हा एक निघाला की माणूस घरचा होऊन जातो. सुधाकर मला चारचौघांत 'हवालदार साब' म्हणायचा आणि दोघंच असलो की 'भाऊ'. लंगरचं, म्हणजे फौजी स्वयंपाकघराचं जेवण ही त्याची कायमची तक्रार. "हे दाळ कोन्या मुलखाची हाय भाऊ? आमच्या धनजची तूर हिच्यापुढं सुभेदार शोभते." बाकी कशाचीच तक्रार त्याने केली नाही. ती करायला हवी होती, हे फार उशिरा कळलं.

त्या दिवशी पाच चाळीसला त्याचा पाय सरकला. माझ्यापासून चार माणसं पुढे होता. पंधरा फूट खाली गेला आणि डोकं खडकावर आदळलं. मी उतरलो तेव्हा तो उठून बसलेला होता. टोपी रक्ताने भिजली होती. सेट त्याच्याच पाठीवर, म्हणून त्याच्याच खांद्यावरून हँडसेट ओढून मी रिपोर्ट दिला.

"एक जवान गिरा है. सिर में चोट. ओव्हर."

"होश में है? ओव्हर."

"बोल रहा है. ओव्हर."

"ऊपर लाओ. आऊट."

वर सात टाके पडले. नर्सिंग असिस्टंटने विचारलं, चक्कर येते का? सुधाकर म्हणाला, "ठीक है." इंज्युरी रिपोर्टमध्ये 'किरकोळ' असं लिहिलं गेलं. साक्षीदार म्हणून सही माझी. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा लोड पार्टीत होता.

चार महिन्यांनी सकाळच्या चहाच्या रांगेत तो मग हातात धरून उभा होता, तसाच कोसळला. हातपाय झटकत होते, दातखीळ बसली होती. दोन मिनिटं. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग हेलिकॉप्टर, हॉस्पिटल, लो मेडिकल कॅटेगरी म्हणजे हलकं काम, आणि दीड वर्षाने मेडिकल बोर्ड. फिट येणाऱ्या माणसाला फौज ठेवत नाही. प्रश्न एवढाच असतो की हा आजार नोकरीमुळे झाला का. हो म्हटलं तर अपंगत्व पेन्शन. नाही म्हटलं तर घरी.

बोर्डाला त्याच्यासोबत अटेंडंट म्हणून युनिटने मला पाठवलं. गोळ्यांनी त्याची जीभ जड झाली होती. हिंदी समजायची सगळी, पण बोलायला लागला की शब्द सापडत नसत. सकाळी दहा वीसला आम्हाला आत घेतलं. डॉक्टर मेजर होते, माणूस वाईट नव्हता. त्यांच्यापुढे फायलींचा गठ्ठा होता. त्यांनी इंज्युरी रिपोर्ट वाचला, 'किरकोळ' या शब्दाखाली पेनाने रेघ मारली आणि विचारलं, "घर में और किसी को ऐसा आता था?" हे विचारताना त्यांनी दोन्ही हात थरथरवून दाखवले.

सुधाकर माझ्याकडे वळून हळूहळू म्हणाला, "आजीच्या अंगात यायचं ना भाऊ. नवरात्रात."

"क्या बोला?" मेजरसाहेब.

आमच्याकडे अंगात येतं म्हणजे देवी येते. बाई घुमते, केस मोकळे सोडते, लोक पाया पडतात, आरती झाली की ती उठून स्वयंपाकाला लागते. हे मला माहीत होतं. माझ्या चुलतीच्याही अंगात यायचं. पण समोर इंग्रजी बोलणारे अधिकारी, भिंतीवर मेंदूचा तक्ता, आणि त्यांना मी 'देवी आती थी' सांगू? मला लाज वाटली. दुसरं काही नाही, लाज. मी सावधानमध्ये उभा राहून म्हणालो, "साब, दादी को आता था."

"हिलती थी?"

"हिलती थी, साब."

"बेहोश?"

"कभी कभी."

त्यांनी एक ओळ लिहिली. आम्ही बाहेर आलो तेव्हा दहा एकतीस झाले होते.

निकालात इंग्रजीत लिहिलं होतं की आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेत वाढलेलाही नाही. कॉन्स्टिट्यूशनल, म्हणजे अंगच्या घडणीतलाच, आणि कुटुंबात पूर्वी होता. सुधाकरने कागद दोनदा वाचला. "कॉन्स्टिट्यूशन म्हंजे घटना ना भाऊ? मंग मले घटनात्मक बिमारी झाली." तो हसला म्हणून मीही हसलो. त्या हसण्याची आजही किळस येते.

पुढे मी रिटायर झालो आणि आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन बसू लागलो. माझा उजवा कान फायरिंगने गेलेला. त्याचंही बोर्ड झालं होतं, तेव्हा माझं मी नीट बोललो आणि माझं अपंगत्व मंजूर झालं. कान गेलेल्याला पेन्शन आणि डोकं फुटलेल्याला नाही. आमच्या माजी सैनिकांच्या बैठकीत एक सुभेदारसाहेब यायचे, त्यांना ब्लडप्रेशरचं अपंगत्व मिळालेलं. नवी मोटरसायकल स्टँडवर लावून सगळ्यांना सांगायचे, "फिट हे घरची बिमारी राह्यते. त्याचं पेन्शन सरकारनं कायले द्यावं? खऱ्या अपंगाचा हक जाते त्याच्यात." खरा अपंग म्हणजे ते स्वतः. मी गप्प बसलो. माझ्या कानाची कागदपत्रं तेव्हा फेरतपासणीला गेली होती आणि बोर्डासमोर मी चुकीचं बोललो हे उघड करायची माझी छाती होत नव्हती. भित्रेपणाला दुसरं नाव नाही.

सुधाकरने अपील करायचं ठरवलं. आजीला फिट नव्हती, एवढंच सिद्ध करायचं होतं. आजी वारलेली. गावातली चार म्हातारी माणसं लिहून द्यायला तयार झाली. सुधाकर बसने मालेगावला आला आणि आम्ही नोटरी वकिलाकडे गेलो.

"काय लिहू?" वकील म्हणाला.

"आजीच्या अंगात देवी यायची, असं लिहा," सुधाकर म्हणाला.

वकिलाने पेन खाली ठेवलं. "असं नाई लिहिता येत. जादूटोण्याचा कायदा हाय. उद्या कोनी म्हनलं का हे अंधश्रद्धा पसरवून राह्यले, त माही सनद जाईन."

"साहेब, आजी मेली. आता कोनाले पसरवनार ते?"

"तरी बी."

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी वकिलाने आपल्या अकलेने मधला मार्ग काढला आणि टाईप केलं: 'धार्मिक कारणास्तव आजीचे शरीर अधूनमधून थरथरत असे.' आम्ही दोघांनी वाचलं. बरं वाटलं. सुधाकर वकिलाच्या पाया पडायला वाकला, वकिलाने खांदे धरून त्याला उभं केलं.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. अपील फेटाळलं. कारण असं, की आजीचे शरीर थरथरत असल्याचे अर्जदाराने स्वतःच मान्य केले आहे.

त्यानंतर सुधाकर माझ्याकडे आला नाही. फोन केला तर म्हणायचा, "बरं हाय भाऊ, हरभरा पेरला." गोळ्या कधी असायच्या, कधी नसायच्या. मोटारपंपाजवळ एकटा जाऊ नको, असं त्याची बायको रेखा रोज सांगायची. पण लाईट दिवसाचीच मिळायची आणि पाणी द्यायला दुसरं माणूस नव्हतं. एका दुपारी दोनच्या सुमाराला त्याला पाण्याच्या दांडाशी फिट आली आणि तो पालथा पडला. दांडात घोट्याएवढं पाणी. रेखा तीनला चहा घेऊन गेली तेव्हा पाणी तसंच वाहत होतं.

मातीला आम्ही पाच माजी सैनिक गेलो, बेरे टोप्या घालून, छातीला मेडल लावून. एक जण म्हणाला, तिरंगा टाकू. सुभेदारसाहेब म्हणाले, "नियमात बसत नाई. तो ड्यूटीवर नाई मेला." नियम त्यांनी बरोबर सांगितला. मी आयुष्यात पहिल्यांदा वरच्या रँकच्या माणसाची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. सुधाकरला साध्या पांढऱ्या कपड्यात नेलं.

तेरवीनंतर मी पुन्हा धनजला गेलो. रेखा ओसरीत तूर निवडत बसली होती. मी खाली बसलो आणि बोर्डात काय झालं ते सगळं सांगितलं. काय विचारलं, तो काय बोलला, मी काय सांगितलं, का सांगितलं.

तिने सूप बाजूला ठेवलं. "मले मालूम हाय भाऊ."

"कसं?"

"त्यायनं घरी आल्याबरोबर सांगतलं होतं. त्यायले हिंदी समजत होती ना."

मी म्हणालो, "मंग मले कधी बोलला काहून नाई?"

"अपील फेटाळलं तवा मी बी हेच म्हनलं. म्हनलं, जा मालेगावले, भांडा. त मले म्हने, भाऊले लाज वाटली देवीचं सांगाची. मले बोलता येत असतं त मी बी तेच केलं असतं. आता त्यायच्या कानाचं चालू हाय, माह्यापायी ते कायले बिघडवाचं?"

तिने पुन्हा सूप घेतलं. मी तिथं किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. वेळ लिहून ठेवायची सवय असूनही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच वकिलाकडे गेलो आणि माझ्या नावाने प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं. बोर्डासमोर चुकीचं भाषांतर मी केलं, लाजेपोटी केलं, आजीच्या अंगात देवी येत असे. वकील म्हणाला, "हवालदारसाहेब, हे तुमच्याच अंगाशी येईन." मी म्हणालो, येऊ द्या. इंज्युरी रिपोर्टवरचा 'किरकोळ' शब्दही त्यात घातला, कारण त्याखालीही माझीच सही आहे. रेखाचं पेन्शनचं प्रकरण आता फौजेच्या ट्रिब्युनलपुढे आहे. साक्षीला मी उभा राहणार आहे. माझं पेन्शन थांबवायचं असेल तर खुशाल थांबवा.

तालुक्याच्या शहीद स्मारकाच्या खांबावर सुधाकरचं नाव येणार नाही. शहिदांची यादी वेगळी असते. म्हणून मी पाहिलं ते इथं लिहून ठेवतो. पाच चाळीसला लान्स नायक सुधाकर पाठीवर सेट घेऊन पडला. सहा पन्नासला आम्ही त्याला चौकीवर पोचवलं. नर्सिंग असिस्टंट सुई घेऊन उभा होता. सुधाकरने त्याला हाताने थांबवलं, सेट मांडीवर घेतला, बॅटरी बदलली, खालच्या बेसला सिग्नल चेक दिला आणि सेट ड्यूटीवाल्याच्या ताब्यात दिला. मग टोपी काढली.