याच्यासोबत कोण आहे?

"पेशंटसोबत कोण आहे?"

आमच्या शेजारच्या सिस्टर हा प्रश्न कशालाही विचारायच्या. बाकावर विसरलेल्या छत्रीला, जिन्यात येऊन बसलेल्या मांजरीला, बाजारात रडत उभ्या असलेल्या पोराला. आधी डाव्या मनगटावरचं घड्याळ सारखं करायच्या, मान जरा तिरकी करायच्या आणि मग, "याच्यासोबत कोण आहे?" उभी हयात दवाखान्यात गेलेली. निवृत्त होऊन देवळाली कॅम्पात आमच्या शेजारी राहायला आल्या तेव्हा दारावर त्यांच्या नावाची पाटी होती, पण ते नाव कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. पोस्टमनसुद्धा सिस्टर म्हणूनच हाक मारायचा.

लग्न केलेलं नव्हतं. बहिणीचा मुलगा आखातात नोकरीला होता. जवळचं म्हणावं असं तेवढंच.

एकदा मी त्यांना विचारलं, "सिस्टर, एखादा पेशंट खरोखरच एकटा आला तर हो?"

"एकटा पेशंट नसतोच," त्या म्हणाल्या. "सोबतीचा माणूस चहा प्यायला गेलेला असतो. तो शोधायचा असतो."

हे त्या गंमत म्हणून बोलत नव्हत्या. देवळाली स्टेशनवर एकदा लष्करातल्या कुणा जवानाची लोखंडी पेटी फलाटावर राहून गेली. लोक लांबून बघत होते, कारण बेवारस पेटी म्हटल्यावर कोण जवळ जाणार? सिस्टर जाऊन चक्क तिच्यावर बसल्या. दुपार टळल्यावर तो जवान धापा टाकत परत आला आणि म्हणाला, "माताजी, आप यहाँ क्यों बैठी हैं?"

"पेटी अकेली थी," सिस्टर म्हणाल्या आणि पिशवी उचलून घरी आल्या. मी हसलो होतो. तुम्हीही हसला असतात. पण ती मोबाइलची भानगड झाली आणि त्यानंतर मला या बाईंकडे बघून हसणं जमेनासं झालं.

भाच्याला मुलगी झाली होती. "मावशी, चांगला फोन घे, म्हणजे हिचे फोटो पाठवता येतील," असं त्यानं सांगितलं. सिस्टर नाशिकला गेल्या आणि रस्त्याच्या कडेला मांडून बसलेल्या एका विक्रेत्याकडून वापरलेला स्मार्टफोन घेऊन आल्या. मोठा पडदा, मागे कॅमेरा. नातीचा एक फोटो आला. तो त्यांनी अख्ख्या इमारतीला दाखवला, काहींना दोनदा. आणि चौथ्या की पाचव्या दिवशी फोन मुका झाला. पडदा उजळायचा, पण नेटवर्क येईना. त्यांचं सिम माझ्या साध्या फोनमध्ये टाकलं तर तिथे व्यवस्थित चाले.

आम्ही कॅम्पातल्या मोबाइलवाल्याकडे गेलो. त्यानं बॅटरी काढली, खालच्या पट्टीवरचा लांबलचक नंबर बघितला, दोन-तीन ठिकाणी फोन लावले.

"सिस्टर, चोरीचा माल हे. ज्याचा होता त्यानं तक्रार केली, आणि कंपन्यांनी हा नंबर बंद यादीत टाकला. आता कुठलंबी सिम घाला, हा बोलणार नाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आपल्याकडे इलाज हे. आतला नंबर बदलून देतो. फोन पूर्ण पुसावा लागेल, पण एकदम नवा होऊन जाईल."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर अर्धंमुर्धं आजही पटतं. चोरी सिस्टरनी केली नव्हती. विकणारा पुन्हा त्या जागी दिसला नव्हता. आणि नातीचे फोटो तिकडे आखातात खोळंबले होते.

सिस्टरनी घड्याळ सारखं केलं. तेव्हाच मला कळलं की आता काही खरं नाही.

"पुसायचं कसं?" त्या म्हणाल्या. "याच्यासोबत कोण आहे?"

मोबाइलवाला माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

घरी येऊन आम्ही फोन उघडून बसलो. सिस्टरना तोवर फक्त हिरवं बटण माहीत होतं. विकणाऱ्यानं आतलं काहीच काढलेलं नव्हतं. काही फोटो होते, कुणाकुणाचे नंबर होते आणि एक लहानसा व्हिडिओ होता. भाताचं खाचर, गुडघाभर चिखलात उभा एक माणूस, हातात रोपांची जुडी. फोन धरणारी बाई हसत असावी, कारण चित्र हलत होतं. तो मान वर करून म्हणतो, "शूटिंग करती व्हय? मंग रोपं कोण आणील?" आणि स्वतःच हसायला लागतो. एवढंच.

सिस्टरनी ते एकदाच बघितलं. "दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं होतं," म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "नंबर शोधा."

'दादा घोटी' असं एक नाव सापडलं. माझ्या फोनवरून लावलं. सिस्टरनी फोनचं सांगितलं तसा पलीकडचा माणूस तापला. "तुमीच चोरला ना? आता बंद पडला म्हणून फोन करता व्हय? पोलिसात देईन."

"द्या की," सिस्टर म्हणाल्या. "पण फोन घ्यायला या. नाहीतर मी येते. माझं वय झालंय दादा, मला पळता येत नाही."

त्यानं घोटी स्टेशनवर यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं आम्ही घोटीला उतरलो. फलाटावर 'दादा' उभा होता, हाताची घडी घालून, भांडायच्या तयारीनं. त्याच्यामागे त्याची बहीण, पदर डोक्यावर, पायांना शेताची माती.

"बिल हाय का?" दादानं विचारलं.

"नाही."

"मंग कसं मानायचं आमी?"

"नका मानू," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल त्या ठाण्यात येते. आधी त्यांना त्यांचा फोन देऊ द्या."

बाईनं फोन दोन्ही हातांनी घेतला. नंबर बघितले नाहीत, फोटो बघितले नाहीत. तो व्हिडिओ लावला आणि तो डोळ्यांसमोर न धरता कानाला लावला. आतला माणूस बारीक आवाजात विचारत होता, रोपं कोण आणील. व्हिडिओ संपला की ती पुन्हा लावायची.

दादाची घडी सुटली. "दाजी गेले औंदा," तो म्हणाला. "त्यांचा आवाज तेवढा त्याच्यातच राहिला. फोन स्टँडवर चोरीला गेला आन मी डोकं फिरवून बंद करायला लावला. ही म्हणती, नको रं दादा. बंद फोन कोण ठेवतं? फेकून देत्याल."

 सिस्टरनी त्या बाईचं मनगट हातात घेतलं, नाडी बघतात तसं, आणि व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायची ती थांबेपर्यंत धरून ठेवलं.  मी देवधर्म फारसा करणारा माणूस नाही, पण त्या फलाटावर मला या म्हाताऱ्या बाईसमोर हात जोडावेसे वाटले. सोबतीचा माणूस शोधायचा असतो, असं ही बाई नुसतं बोलायची नाही. तो माणूस आता जिवंत नव्हता, तरी तिनं त्याला शोधून त्याच्या बायकोच्या कानापर्यंत पोचवलं होतं. दादा चहा आणायला गेला तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा तोंड धुऊन आला होता.

सिस्टरनी पुन्हा मोबाइल घेतला नाही. "माझा डब्बा बरा," म्हणायच्या, म्हणजे घरचा लँडलाइन. भाचा चिडला आणि मग पोस्टानं फोटो पाठवायला लागला. घोटीचा फोन मात्र कंपनीत अर्ज करून सुरू झाला आणि दर सोमवारी त्यावरून सिस्टरच्या डब्ब्यावर फोन यायला लागला. पाऊस कसा हाय, पाय दुखतो का, जेवलात का. भिंतीपलीकडून मला सिस्टरचं हसू ऐकू यायचं.

पुढे सिस्टरना नाशिकच्या दवाखान्यात हलवावं लागलं. तिथून त्या घरी आल्या नाहीत. भाच्याला विमानाचं तिकीट मिळत नव्हतं. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे कपडे घ्यायला गेलो तेव्हा लँडलाइन वाजत होता. सोमवार होता. मी काय ते सांगितलं. पलीकडून "बरं" एवढाच शब्द आला.

दुपारी दवाखान्यात मी औषधं घेऊन वर आलो, तर बाकावर घोटीची बाई बसलेली. हातात तोच फोन. तेवढ्यात दार उघडून एक तरुण सिस्टर बाहेर आली आणि तिनं कागदावरून नजर न उचलता विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?"

मी तोंड उघडलं. शेजारी, असं सांगणार होतो. त्याआधी ती बाई उठून उभी राहिली.

"मी हाय."

"नातं काय तुमचं?"

तिनं माझ्याकडे बघितलं.  मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सोबत हाय," ती म्हणाली. "तेच लिवा."

त्या मुलीनं नजर उचलून तिच्याकडे बघितलं, मग लिहिलं, आणि दार धरून बाजूला झाली.